बाई, आधी बंदर निवडा, मग बोट

"आम्ही दोघं फोंड्याला राहतो. मी मराठी हायस्कूलमधून निवृत्त झालेली शिक्षिका, वय ६२. यजमान ६७ वर्षांचे, वीज खात्यातून निवृत्त. येत्या फेब्रुवारीत लग्नाला ४० वर्षं होतील. मुलगी पुण्याला असते, मुलगा सिंगापूरला. दोघांनी मिळून आम्हाला क्रूझवर पाठवायचं ठरवलंय. मुलगी म्हणते, एकदाच जाताय तर युरोपची सात रात्रींची आलिशान क्रूझच घ्या. यजमान म्हणतात, एवढे पैसे कशाला, मुंबईहून लक्षद्वीपला जाऊन येऊ. लहानपणी ते आगबोटीने मुंबईला गेले होते, तेव्हा त्यांना काहीच झालं नव्हतं, हे ते रोज सांगतात. पण आता त्यांना मधुमेह आहे आणि गुडघे धरतात. मला तर चोर्ला घाटात बस वळली की उलटी होते. मी शाकाहारी, ते मासे खाणारे. सकाळची देवपूजा मी कधी चुकवलेली नाही. शेजारी म्हणतात, क्रूझ म्हणजे मांडवीतले कॅसिनो, दुसरं काय? मुलगा-सून सोबत येऊ का विचारताहेत, त्यांना काय सांगू तेही कळत नाही. आणि खरं सांगायचं तर मुलांचे एवढे पैसे खर्चून आठ दिवस नुसतं बसून राहायचं, हे मनाला पटत नाही. काय करावं?"
— एक वाचक, फोंडा

प्रिय बाई,

सप्रेम नमस्कार. तुमचं शेवटचं वाक्य आधी घेते, कारण बाकीचं सगळं त्यावर अवलंबून आहे. तुमच्या यजमानांचे गुडघे आणि तुमचा बसचा त्रास बघता 'नुसतं बसणं' हाच क्रूझचा सगळ्यात मोठा गुण आहे. युरोपच्या नेहमीच्या ग्रुप टूरमध्ये सकाळी सातला नाश्ता, साडेसातला बॅगा लॉबीत, दिवसभर बस, संध्याकाळी नवं हॉटेल. क्रूझवर बॅग एकदाच उघडायची. तुम्ही झोपता आणि गाव बदललेलं असतं. मुलांनी तुम्हाला हीच विश्रांती द्यायचं ठरवलंय. ती मनापासून घ्या. मात्र कुठली सहल, किती रात्रींची आणि कुठली केबिन हे तुम्ही दोघांनी ठरवा, मुलांनी नव्हे. पैसे देणाऱ्याला बोटीचं नाव आणि फोटो दिसतात. होडीत पाय टाकताना कुणाचा गुडघा वाकणार नाही, हे त्याला दिसत नाही.

शेजाऱ्यांचं बोलणं मनावर घेऊ नका. पणजीत मांडवीच्या पात्रात कॅसिनोच्या बोटी उभ्या असतात, म्हणून आपल्याकडे क्रूझ म्हटलं की तेच चित्र डोळ्यांपुढे येतं. समुद्रावरच्या मोठ्या बोटीवर कॅसिनो असतो, पण तो दहा-बारा दालनांपैकी एक. तिकडे पाय न वळवता सगळी सहल होते. वाचनालय, नाटकघर, फिरायचा डेक, संध्याकाळचं गाणं, यातलं काय आवडेल ते तुमचं.

आता मुलीच्या युरोपबद्दल. तिचा हेतू मला फार आवडला, पण फेब्रुवारी ही भूमध्य समुद्राची वेळ नाही. तिथला खरा हंगाम साधारण एप्रिल ते ऑक्टोबर. फेब्रुवारीत थंडी असते, वारा असतो, समुद्र उसळतो, आणि बऱ्याच कंपन्यांच्या बोटी उबदार पाण्याकडे गेलेल्या असतात. शिवाय युरोपच्या क्रूझमध्ये बोटीवरून उतरल्यावर पुष्कळ चालावं लागतं. जाहिरातीत 'रोम' लिहिलेलं असतं, पण बोट लागते चिविताव्हेक्याला. तिथून रोम सत्तर-ऐंशी किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन तीन तास बस. फ्लॉरेन्ससाठी लिव्होर्नोला उतरून पुन्हा तेवढाच प्रवास. ग्रीसमधल्या सांतोरिनी बेटाला तर बोट धक्क्याला लागतच नाही. छोट्या होडीने कड्याच्या पायथ्याशी नेतात, आणि वर गावात जायला केबल कारची लांब रांग, नाहीतर जवळजवळ ६०० पायऱ्या. सात दिवसांत पाच-सहा बंदरं असली की तुमचा बसचा त्रास आणि त्यांचे गुडघे या दोन्हींची रोज परीक्षा. युरोपला जायचंच असेल तर पुढे कधीतरी मे किंवा सप्टेंबरात, कमी बंदरांची सहल बघून जा.

यजमानांचं लक्षद्वीप मात्र मी सहज बाजूला सारणार नाही. फेब्रुवारीत आपला अरबी समुद्र शांत असतो, आणि तिथल्या बेटांभोवतीच्या उथळ पाण्याचा रंग पाहिला की माणूस बराच वेळ बोलत नाही. खर्चही आटोक्यात राहतो. मुंबईत चढायचं म्हणजे मडगावहून कोकणकन्या किंवा मांडवी एक्स्प्रेसने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरायचं. बोटीचा धक्का, बॅलार्ड पियर, तिथून टॅक्सीने काही मिनिटांवर आहे. लक्षद्वीपला जायला आपल्यालाही परवाना लागतो. क्रूझवाले तो काढून देतात का, हे बुकिंगच्या वेळीच विचारून घ्या.

अडचण बेटावर उतरण्याची आहे. प्रवाळाच्या उथळ पाण्यात मोठी बोट शिरू शकत नाही, ती बाहेर खोल पाण्यात नांगर टाकते. मग बोटीच्या कुशीत, पाण्याच्या जवळ एक दार उघडतं. समोर छोटी होडी लाटेबरोबर वर-खाली होत असते. दोन्ही बाजूंनी खलाशी तुमचे दंड घट्ट धरतात, होडी वर येईपर्यंत थांबवतात, आणि "आता!" म्हटलं की त्या क्षणी पाऊल टाकायचं असतं. विचार करत राहिलात की होडी पुन्हा दोन फूट खाली. धडधाकट माणसाला यात मजा वाटते. दुखऱ्या गुडघ्याला तो एक हिसका पुढचे चार दिवस भोवतो. लाटा मोठ्या असल्या तर उतरणंच रद्द होतं, आणि ते योग्यच असतं. यजमानांना हे वाचून दाखवा. लहानपणी ते पणजीच्या धक्क्यावरून फळीवरून चालत आगबोटीत चढले असतील. इथे तशी फळी नाही. एवढं ऐकूनही ते तयार असतील तर जरूर जा, पण मनात हे ठेवून जा की एखाद्या बेटाचं दर्शन डेकवरूनच घ्यावं लागेल.

मुंबई–गोवा–मुंबई अशी दोन रात्रींची सहल कुणी सुचवली तर सरळ नको म्हणा. फोंड्याहून मुंबईला जायचं आणि मुरगाव बंदर बघायला परत यायचं, यात तुमच्या हाती काही लागणार नाही. दुसऱ्या एखाद्या सहलीत वाटेत गोव्याचा थांबा असेल तर त्याचा मात्र छान उपयोग होतो. सगळे प्रवासी किनाऱ्यावर गेले की बोट रिकामी होते. त्या दिवशी पोहण्याचा तलाव, डेकवरच्या आरामखुर्च्या आणि जेवणघर तुमच्या एकट्यांचं. कुठल्याही बंदरात ही युक्ती चालते. प्रत्येक ठिकाणी उतरलंच पाहिजे असा नियम नाही.

माझा सल्ला तिसराच आहे, आणि तो तुमच्या पत्रातच दडलेला आहे: मुलगा सिंगापूरला असतो. सिंगापूरहून वर्षभर तीन, चार, पाच रात्रींच्या सहली निघतात. त्यातली मलेशियातल्या पेनांगला जाणारी निवडा. ती बोट मलाक्काच्या सामुद्रधुनीतून जाते. एका बाजूला मलेशियाची भूमी, दुसऱ्या बाजूला सुमात्रा, त्यामुळे खुल्या महासागराच्या लाटा तिथे पोचत नाहीत. हवा बिघडली तर कुठलीही बोट हलते, पण पहिल्या सहलीला याहून शांत वाट मिळणं कठीण. पेनांगला बोट जॉर्ज टाऊन शहराच्या धक्क्यालाच लागते. होडी नाही, बस नाही. उतरलात की समोर जुनं शहर, २००८ पासून जागतिक वारसा यादीत असलेलं. थोडं चाललं की तमिळ लोकांची वस्ती, फुलांच्या माळा, इडली-डोशाचा वास आणि मारिअम्मनचं देऊळ. पाय दुखले तर सायकलरिक्षा करा. दोन-तीन तासांत निवांत फिरून जेवायला बोटीवर परत येता येतं.

फुकेतची सहलही सिंगापूरच्याच बंदरातून निघते आणि एजंट तीच पुढे करील. तिथे बहुतेक वेळा पुन्हा होडीनेच किनाऱ्यावर नेतात. दुसरी गोष्ट घड्याळाची. थायलंडची वेळ सिंगापूरच्या एक तास मागे आहे. बोट आपलं घड्याळ बदलत नसेल तर तुमच्या मोबाइलवर चार वाजलेले असताना बोटीवर पाच वाजलेले असतात, आणि बोट कुणासाठी थांबत नाही. कुठेही गेलात तरी यजमानांनी हातावर साधं घड्याळ बांधावं आणि ते बोटीच्या वेळेवर लावावं.

तारीख निवडताना चिनी नववर्ष कधी येतं ते आधी पाहा. ते २१ जानेवारी ते २० फेब्रुवारीच्या दरम्यान कधीही येतं, आणि त्या आठवड्यात सिंगापूरच्या बोटी भरलेल्या नि महाग असतात. लग्नाचा वाढदिवस नेमका त्याच दिवसांत पडत असेल तर सहल फेब्रुवारीच्या अखेरीला ढकला. शनिवार-रविवार टाळून सोमवार-मंगळवारी निघणारी फेरी घेतली तर गर्दीही कमी आणि भावही.

'आलिशान' म्हणून जे विकतात त्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी असतात, तेवढं मुलीला समजावून सांगा. एक म्हणजे अवाढव्य बोटी. २०२४ मध्ये पाण्यात आलेली 'आयकॉन ऑफ द सीज' साडेसात हजारांच्या आसपास प्रवासी घेऊ शकते. तिथे घसरगुंड्या, रोषणाई, वीसेक जेवणघरं, आणि प्रत्येक ठिकाणी रांग. दुसऱ्या सिल्व्हरसी, सीबोर्न, रीजंट अशा कंपन्यांच्या लहान बोटी. काहीशे प्रवासी, आणि भाड्यात जेवण, पेयं, बक्षिशी बहुतेक सगळं धरलेलं. त्यांचं भाडं बघून छाती दडपते, पण मोठ्या बोटीच्या बिलात वरचे खर्च मिळवल्यावरच तुलना करायची. तुमच्या या पहिल्या सहलीला मधला मार्ग बरा: मोठी, स्थिर बोट आणि तिच्यावर चांगल्या जागेची केबिन.

केबिनवर मी जास्त शब्द खर्च करणार आहे, कारण पैसे इथेच सत्कारणी लागतात. केबिन चार प्रकारच्या: आतली बिनखिडकीची, खिडकीची, बाल्कनीची आणि मोठा सूट. तुम्ही बाल्कनीची घ्या. पहाटे उठायची तुमची सवय जाणार नाही. त्या वेळी चहाचा कप घेऊन कुणाशी न बोलता समुद्रापुढे बसणं, हा या सहलीचा गाभा आहे. आतली केबिन स्वस्त पडते, पण डोळ्यांना क्षितिज दिसत नाही, आणि ज्याला मळमळतं त्याला ते क्षितिजच दिसायला हवं असतं. सूटवर मात्र पैसे घालू नका. चार रात्रींत त्या सोफ्यावर कुणी बसत नाही.

जागा निवडताना बोटीची लांबी मनात धरा. पुढचं टोक आणि मागचं टोक जास्त उचललं जातं, मधला भाग सगळ्यात कमी. तसंच वरचे मजले जास्त डुलतात. म्हणून मधोमध आणि बाल्कनी मिळणाऱ्या मजल्यांपैकी सगळ्यात खालच्या मजल्यावरची केबिन मागा. तिच्या वर आणि खाली दोन्हीकडे केबिनाच असाव्यात. वर तलावाचा मजला आला तर पहाटे पाचला खुर्च्या ओढल्याचा आवाज, खाली नाटकघर आलं तर रात्री बारापर्यंत ढोल. लिफ्ट जवळ हवी, कारण या बोटी तीनशे मीटरहूनही लांब असू शकतात आणि जेवायला जाऊन येणं हीच गुडघ्यांची रपेट होते. पण लिफ्टला अगदी चिकटून नको. एजंट 'गॅरंटी केबिन' स्वस्तात देतो म्हणेल. त्यात नंबर कंपनी शेवटी देईल तो घ्यावा लागतो. तुमच्यासाठी ते नाही. नंबर आधी घ्या, बोटीचा नकाशा मोबाइलवर उघडा आणि वर-खाली काय आहे ते स्वतः बघा.

उलटीबद्दल. चोर्ला घाटात होणारा त्रास वळणांचा, गचक्यांचा आणि डिझेलच्या वासाचा असतो. मोठ्या बोटीची हालचाल संथ असते, आणि तिच्या दोन्ही बाजूंना पाण्याखाली पंखांसारखे स्थिरक असतात. तरी तुमचा स्वभाव मळमळीचा आहे हे धरूनच चला. चोडणच्या फेरीबोटीत काही होत नाही म्हणून निश्चिंत होऊ नका, नदीचं पाणी वेगळं. सिंकेरीच्या डॉल्फिन दाखवणाऱ्या होडीत त्रास झाला म्हणून घाबरूही नका, ती मोठ्या बोटीपेक्षा कितीतरी जास्त उसळते. तुमच्या डॉक्टरांकडून अव्होमिन किंवा तत्सम गोळी लिहून घ्या. यजमानांच्या इतर औषधांशी ती जुळते का, तेही विचारा, कारण बोटीवर तुमची गोळी त्यांनाही लागू शकते. गोळी मळमळ सुरू झाल्यावर नाही, आधी घ्यायची असते. तिने झोप येते, म्हणून निघण्यापूर्वी एखाद्या दिवशी घरी घेऊन पाहा. पोट रिकामं ठेवू नका, कोरडं बिस्कीट आणि आलेपाक जवळ असू द्या. बरं वाटेनासं झालं की केबिनमध्ये पडून पुस्तक वाचायचं नाही. डेकवर मोकळ्या हवेत जाऊन लांबच्या रेषेकडे बघत बसायचं.

पैशांचा हिशेब भाड्यावर संपत नाही. जाहिरातीतला आकडा एका माणसाचा असतो, तोही दोघं एका केबिनमध्ये आहेत असं धरून. त्यावर कर आणि बंदरशुल्क. मग बोटीवरची रोजची बक्षिशी, जी खात्यात आपोआप लागते. बऱ्याच मोठ्या कंपन्यांत ती माणशी दिवसाला साधारण १६ ते २० डॉलर असते. १८ धरले तर तुम्हा दोघांचे चार रात्रींचे १४४ डॉलर झाले. काही प्रवासी काउंटरवर जाऊन ही रक्कम कमी करून घेतात. तुम्ही तसं करू नका. सासष्टीतल्या, मुरगावातल्या कित्येक घरांचे संसार आपल्या तारवटींनी, म्हणजे बोटीवर नोकरी करणाऱ्यांनी, या बोटींवर घाम गाळून उभे केलेत. तुमची चादर बदलणारा मुलगा कदाचित चिंचणीचा किंवा वेळ्ळीचा निघेल. त्याच्या कमाईचा मोठा भाग हाच असतो. तुमच्या ओळखीत कुणी तारवटी रजेवर घरी आलेला असेल तर बुकिंगआधी त्याला भेटा. कुठली बोट अलीकडे डागडुजी होऊन आली, कुठल्या बोटीवर स्वयंपाक चांगला, हे तो एजंटपेक्षा खरं सांगेल.

पेयांचं पॅकेज घेऊ नका. पाणी, चहा, कॉफी, सरबत जेवणघरात बहुधा मिळतं, आणि दारू न पिणाऱ्याला त्या पैशांचं काहीच परत मिळत नाही. खास जेवणघरं, स्पा, छायाचित्रं यांचे पैसे वेगळे. बोटीवर रोख चालत नाही, केबिनचं कार्डच दाखवायचं. म्हणून रोज रात्री झोपण्याआधी टीव्हीवर किंवा ॲपमध्ये खातं बघा. चूक तिथल्या तिथे दुरुस्त होते. घरी आल्यावर ई-मेल लिहीत बसावं लागतं. मुलीने इथून परदेशी सहलीचं बुकिंग केलं तर टीसीएस, म्हणजे बुकिंग करतानाच आगाऊ घेतला जाणारा कर, भरावा लागेल. तो खर्च नव्हे, तिच्या आयकराच्या हिशेबात तो वळता होतो, तेवढी पावती तिला जपायला सांगा. मोबाइल बोटीवर चढताच विमान मोडवर टाका. भर समुद्रात तो बोटीच्या नेटवर्कला आपोआप जोडला जातो आणि त्याचं बिल भयंकर येतं.

विमा काढल्याशिवाय जाऊ नका, ही माझी हात जोडून विनंती. आपला नेहमीचा मेडिक्लेम परदेशी पाण्यात बहुधा उपयोगी पडत नाही. बोटीवर डॉक्टर असतो, पण तो फी घेतो, तीही डॉलरमध्ये आणि लगेच. प्रकृती बिघडून किनाऱ्यावरच्या इस्पितळात हलवायची वेळ आली तर खर्च लाखांत जातो. प्रवास विमा घेताना क्रूझ आणि इस्पितळात हलवण्याचा खर्च दोन्ही पॉलिसीत लिहिलेले असावेत, आणि यजमानांचा मधुमेह फॉर्मवर स्पष्ट लिहावा. तो लपवला तर ऐन वेळी दावा नाकारला जातो. इन्शुलिन घेत असतील तर केबिनमधला फ्रिज पुरेसा थंड असतो का ते आधी विचारा आणि सुया टाकायचा डबा मागून घ्या, तो बोटीवर मिळतो. बंदरावर व्हीलचेअरची मदत मागायला संकोच करू नका. चढायच्या रांगेत उभं राहण्यातच गुडघ्यांचं अर्धं बळ जातं. ही मदत बुकिंग करतानाच लिहून ठेवावी लागते.

कागदपत्रांत पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने हवी. सिंगापूरचा व्हिसा एकाहून जास्त वेळा प्रवेश देणारा आहे ना ते पाहा, कारण बोटीवरून परत येताना तुम्ही त्या देशात दुसऱ्यांदा शिरता. तिथलं आगमनपत्र ऑनलाइन भरायचं असतं, पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत, आणि ते फुकट आहे. पैसे मागणारी वेबसाइट दिसली तर ती बंद करा. मलेशियाचे नियम अधूनमधून बदलतात, ते एजंटकडून लेखी घ्या. मोपा विमानतळावरून निघा की दाबोळीहून, बोटीच्या दिवशीच सिंगापूरला पोचायचा बेत नको. आधी दोन दिवस मुलाकडे राहा.

मुलाला न्यायचा खाऊ हा विषय तुम्ही काढला नाहीत, पण मी काढते. तुम्ही नेवऱ्या, म्हणजे करंज्या, करणार हे नक्की. खसखस घालू नका. सिंगापुरात खसखशीला बंदी आहे, अमली पदार्थांच्या कायद्याखाली, आणि विमानतळावर आईच्या हातची नेवरी म्हणून कुणी सोडत नाही. अनारसेही म्हणूनच नकोत. तीळ-खोबऱ्याच्या नेवऱ्या करा.

बोटीवर इस्त्री, पाणी तापवायची कॉइल, किटली चालत नाही, तपासणीत काढून ठेवतात. निरांजन, उदबत्ती तर मुळीच नाही. बोटीवर आगीइतकं भय कशाचंच नसतं. देवाचा छोटा फोटो न्या, सकाळी अंघोळ करून बाल्कनीत बसा आणि मानसपूजा करा. तुमची पूजा चुकली असं मी तरी म्हणणार नाही.

कपड्यांची काळजी अजिबात नको. 'फॉर्मल' रात्रीला पैठणी किंवा तुमच्याकडे असेल ती लाल चौकड्याची कुणबी साडी, दोन्ही उठून दिसतील. फक्त चपला न घसरणाऱ्या घ्या, आणि एक शाल, कारण जेवणघरातला एसी बोचतो. चढताना मोठ्या बॅगा तुमच्याकडून घेतात आणि त्या केबिनमध्ये संध्याकाळपर्यंत येतात. औषधं, पासपोर्ट, चष्मा, एक जोडी कपडे हातातल्या पिशवीतच हवेत.

जेवणाचं आधी लेखी कळवा: शाकाहारी, अंडं नाही, आणि गोडात जिलेटिन नाही. सिंगापूरहून निघणाऱ्या बोटींवर भारतीय प्रवासी खूप असतात, त्यामुळे डाळ-भात-भाजी मिळायला अडचण येत नाही. पहिल्याच रात्री जेवणघराच्या मुख्य वाढप्याला भेटून सांगा, पुढचे दिवस तो तुमची आठवण ठेवतो. यजमानांना मासे मिळतील, आपली शीत-कडी मिळणार नाही. त्यांना बुफेपेक्षा बसून वाढतात त्या जेवणघरात न्या. बुफेत गोड पदार्थ डोळ्यांसमोर दिवसभर मांडलेले असतात, आणि साखर तिथेच चढते. दोघांनीही जेवायच्या आधी हात साबणानेच धुवा. बोटींवर पसरणाऱ्या नोरोव्हायरसच्या जुलाब-उलट्यांना दाराशी ठेवलेलं सॅनिटायझर पुरेसं पडत नाही.

पहिल्या दिवशी सुरक्षेची कवायत असते. लाइफ जॅकेट कुठे आहे, कुठल्या ठिकाणी जमायचं, ते दाखवतात. कुणी "जाऊ दे हो" म्हणालं तरी तुम्ही जा. जानेवारी २०१२ मध्ये इटलीजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' कलंडली, ३२ माणसं गेली. त्याच दिवशी चढलेल्या कित्येकांना जमायची जागा दाखवलेलीच नव्हती. त्यानंतर नियम बदलला, आणि आता ही कवायत बोट निघण्याआधी किंवा निघताच होते. कवायतीनंतर तुमच्या केबिनपासून त्या जागेपर्यंत एकदा जिन्याने चालत जाऊन पाहा, गुडघ्यांना किती वेळ लागतो ते कळेल.

राहिली मुलगा-सुनेची गोष्ट. त्यांना प्रेमाने सांगा की बोटीवर आम्ही दोघंच जातो. ते सोबत आले तर तुम्ही त्यांच्या जेवणाच्या वेळा बघाल, यजमान त्यांना आगबोटीच्या गोष्टी सांगतील, आणि घरातलाच दिवस बोटीवर होईल. आधीचे दोन दिवस आणि नंतरचे तीन-चार दिवस त्यांच्या घरी राहा, सुनेला रजा तेव्हा घ्यायला सांगा. बोटीच्या बंदरावर सोडायला आणि परत न्यायला मुलगा आला की पुरे. युरोपचं भाडं आणि या सहलीचं भाडं यांत जो फरक राहील, त्यातले थोडे मुलीच्या तिकिटाला ठेवा. तुम्ही बोटीवरून उतराल त्या दिवशी तीही पुण्याहून सिंगापूरला येऊ शकेल, आणि वाढदिवसाचं जेवण सगळ्यांनी मिळून मुलाकडे करता येईल. पासपोर्टच्या तारखा मात्र आजच बघा. नूतनीकरण लागणार असेल तर पणजीच्या पासपोर्ट कार्यालयाची वेळ आधी घ्या, केबिन त्यानंतर.